फॉर्मवरची रिकामी ओळ

‘इंडियन-अमेरिकन’, ‘आफ्रिकन-अमेरिकन’ ही जोडनावं बंद करावीत, असं माझे धाकटे दीर ठामपणे म्हणतात. इथे अमेरिकेत, एडिसनला आमच्याकडे २०२०च्या जनगणनेचा फॉर्म आला, तेव्हा तर चांगलाच वाद झाला. “वहिनी, नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवसापासून आपण नुसते अमेरिकन.” माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनीही १९१५मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात असंच बजावलं होतं.

मी त्यांना फॉर्मवरच्या ‘एशियन इंडियन’ या चौकटीची हकिगत सांगितली. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद हे भारतीय गोरे नाहीत म्हणून त्यांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं. १९७०च्या जनगणनेत मात्र भारतीयांना गोऱ्यांतच मोजलं. आपल्याच लोकांनी खटपट केली, तेव्हा १९८०मध्ये ही वेगळी चौकट मिळाली. ती कुणी आपल्यावर लादलेली नाही.

पण खरं सांगायचं तर त्या चौकटीवाचून माझं काही अडत नाही. मला आजऱ्याजवळचं गाव आहे, कुलदैवत आहे, आजेसासूबाईंचं माहेरही मला ठाऊक आहे. ग्रंथालयात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंचं तसं नाही. त्यांच्या आजीच्या जन्मदाखल्यावर ‘कलर्ड’ लिहिलंय, आईच्या दाखल्यावर ‘निग्रो’. दोन्ही नावं दुसऱ्यांनी दिलेली. १९८८च्या डिसेंबरात कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सननी ‘आफ्रिकन-अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला तेव्हा त्या कॉलेजात होत्या, आणि त्या दिवसापासून हे नाव त्यांनी सोडलेलं नाही.

२०२०च्या त्या फॉर्मवर गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या चौकटींखाली मूळ कुठलं ते लिहायला एक ओळ होती. गोऱ्यांसाठी नमुने दिले होते जर्मन, आयरिश, इटालियन. काळ्यांसाठी आफ्रिकन अमेरिकन, आणि पुढे जमैकन, हैतियन, नायजेरियन. बाईंचे पूर्वज गुलाम म्हणून जहाजात कोंडून आणलेले. कुठून, ते सांगणारा एकही कागद घरात नाही. एका देशाचं नाव लिहावं तर कुठल्या? त्यांनी त्या ओळीवर मोठ्या अक्षरांत ‘आफ्रिकन अमेरिकन’ असं लिहिलं. मला हे सांगताना त्यांनी टेबलावर बोटाने ती अक्षरं पुन्हा गिरवली. हे ऐकल्यावर ‘नुसतं अमेरिकन म्हणा’ हा उपदेश मला निर्दय वाटू लागला.

त्यांच्या मुलाला हे नाव मान्य नाही. तो म्हणतो, सात-आठ पिढ्या इथल्या मातीत राबल्या, आफ्रिका कुणी पाहिलीय? मी ब्लॅक. जेवणाच्या टेबलावर मायलेकांची जुंपते. तो वाद त्यांचा आहे, त्यांनीच घालायचा. त्यात माझ्या दिरांनी बोलू नये, आणि मीही.