घरासमोरचा फोटो

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक फोटो आहे. दारासमोर आजी, आई आणि बाबा उभे आहेत, आणि चार हात लांब, भिंतीला टेकून एक मुलगा. तो माझा आतेभाऊ. घरात त्याला आम्ही बापू म्हणतो. खरं नाव इथे सांगत नाही.

आत्या आणि तिचे यजमान एकाच वर्षात गेले, तेव्हा बापू चौथीत होता. माझे बाबा यंत्रमागावर कामाला. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. ‘आणखी एक तोंड वाढलं तर भागायचं कसं?’ असं कुणी मोठ्याने म्हणालं नाही, पण बापू बालगृहात गेला. आजी महिन्याला भेटून यायची आणि त्या रात्री जेवायची नाही.

बालगृहातल्या ताईंनीच बाबांना बालसंगोपन योजना समजावली. आईवडील नसलेलं मूल संस्थेपेक्षा घरात वाढावं, म्हणून अठरा वर्षांपर्यंत महाराष्ट्र सरकार त्याच्यासाठी दरमहा पैसे देतं. सांभाळणारे नातेवाईक असले तरी चालतं. मग काय, नुसती धावपळ! मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक आणि घरासमोर पालकांबरोबर काढलेला फोटो. बापू 2021 च्या दिवाळीच्या सुट्टीत आला, तेव्हाच तो काढला. एक ताई येऊन घर बघून गेल्या. शेवटचा निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा. तिथे एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यांनी बापूलाही विचारलं, “मामाकडे राहायचंय का तुला?”

“आजी असेल तर राहीन,” तो म्हणाला.

तेव्हा महिन्याला 1100 रुपये मंजूर झाले. पण ते दर महिन्याला येतातच असं नाही. कधी कधी चार-पाच महिन्यांचे एकदम यायचे. तोवर आई कुठून कुठून भागवायची, ते तिलाच ठाऊक.

आता माझी चूक सांगते. मी आठवीत होते. शाळा सुरू होताना बापूला नवे बूट आले आणि मला म्हणाले, “तुझे अजून एक वर्ष जातील.” मी चिडले आणि त्याच्या तोंडावर म्हणाले, “तुझे काय बाबा, तुझे पैसे सरकारकडून येतात!”

तो काहीच बोलला नाही. रात्री मात्र अर्धीच भाकरी खाऊन उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आजीने विचारलं, तेव्हा हळूच म्हणाला, “माझे पैसे अजून आले नाहीत ना.”

आईने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फळीवरची वही काढली आणि आम्हा दोघांसमोर ठेवली. एका बाजूला बापूचे जमा झालेले पैसे, दुसऱ्या बाजूला खर्च : वह्या, बूट, चष्मा, डॉक्टर. मी दोनदा वाचलं. त्यात जेवण कुठेच नव्हतं.

“मामी, भाकरीचं लिहायचं राहिलं,” बापू म्हणाला.

आजी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “सरकारचे पैसे वह्या-बुटाला. भाकरी घरची आहे रे. घरच्या भाकरीचा हिशेब असतो का कुठे?”

त्या रात्री मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “बूट हवेत तर घे.” ते मला होणार नव्हते, तरी मी घालून बघितले. मग दोघंही हसलो.

2023 मध्ये या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं आणि रक्कम 2250 रुपये झाली. आईला तेवढाच आधार. तरी पैसे उशिरा आले की ती अजून वही उघडून बसते.

मुलांनो, तुमच्याही वर्गात मामाकडे, काकाकडे, आजीकडे राहणारं कुणी असेल. त्याचे पैसे कुठून येतात हे विचारू नका. डबा खाताना त्याला शेजारी बसवा. आणि घरी कुणी असं मूल सांभाळत असेल, तर पालकांनी जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात या योजनेची चौकशी जरूर करावी.

मध्यंतरी कागदपत्रांसाठी पुन्हा फोटो काढला. बापू आता नववीत आहे. या फोटोत तो मधोमध उभा आहे, आणि त्याचा हात आजीच्या खांद्यावर आहे.