स्माइल प्लीज! पण मत सीक्रेट

आपण कोल्हापूरकर फोटोला कधी नाही म्हणत नाही. रंकाळ्यावरचा सूर्यास्त, मिसळीचा कट, ऑफिसातला बर्थडे... क्लिक! पण तोच फोटो कुणी ‘नोंद’ ठेवायला काढणार असेल तर?

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार ऐन रंगात होता. भाजपचे राज्यसभा खासदार धनंजय महाडिक कोल्हापुरातल्या सभेत म्हणाले, की लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या रॅलीत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, नावं लिहून घ्या, आम्ही त्यांची ‘व्यवस्था’ करतो. ते स्वतः उभे नव्हते. त्यांचे चुलतभाऊ अमल महाडिक कोल्हापूर दक्षिणमधून लढत होते. गदारोळ झाला. निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली, गुन्हाही दाखल झाला. बोलण्याचा विपर्यास झाला, मनं दुखावली असतील तर माफी मागतो, असा महाडिकांचा खुलासा होता.

आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या मावशी राजकारणावर एरवी अवाक्षर काढत नाहीत. त्या आठवड्यात कप उचलता उचलता हळूच म्हणाल्या, “ताई, मत कुणाला दिलं ते त्यास्नी कळतंय व्हय ओ?”

दरमहा १५०० रुपये. आपल्याला तो एका वीकेंडचा खर्च, मावशींना गॅस आणि नातीची ट्यूशन. पैसे सरकारी तिजोरीतले, म्हणजे कुणा पक्षाचे नाहीत. तरी त्या प्रश्नामागची भीती शंभर टक्के खरी होती.

मी सांगितलं, “मावशी, बटण कुठलं दाबलं ते कुण्णाला कळत नाही.” हे खरंच आहे. मतदाराला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

पण एक बारीक गोम आहे, बॉस. मतमोजणी बूथनिहाय होते. त्यामुळे मावशींचं मत कळत नसलं, तरी त्यांच्या गल्लीचा कल कळतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या बूथच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता यायच्या. मशिनच्या जमान्यासाठी निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला. फंडा सिंपल: १४ मशिनची मतं एकदम मोजायची, म्हणजे कुठल्या बूथची किती ते उघड होत नाही. २०१५ मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र नकार दिला.

२० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ला निकाल लागला, अमल महाडिक जिंकले. कोण जिंकलं हा मावशींचा प्रश्नच नव्हता. शाई लावलेलं बोट दाखवत त्या एवढंच म्हणाल्या, “मला पायजे त्यालाच दिलं.”

कुणाला, ते मी विचारलं नाही. तुम्हीही तुमच्या मावशींना, ड्रायव्हरदादांना विचारू नका. फक्त एवढं नक्की सांगा, की कुणालाच कळत नाही. बिनधास्त जा!