पन्हाळ्यावर बर्फ नव्हतं

संपादकांचा फोन जुलैत आला. "मॅडम, हिमयुगावर लिहा. तुम्ही माशांच्या जनुकांवर काम करता, राहता पन्हाळ्याच्या पायथ्याशी. दोन्हींची सांगड घाला, वाचकांना झेपेल असं." शेवटच्या तीन शब्दांचं ओझं किती असतं, हे संपादकांना कळत नाही.

सांगड घालण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. पन्हाळ्यावर हिमयुगातलं बर्फ नव्हतं. व्याख्यान संपलं की कोणीतरी हमखास उठतं आणि विचारतं, "हे कडे हिमनदीनं कापले का हो?" नाही. हे कडे पावसानं कापले. खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, वर जांभ्याचं झाकण आणि गडाची उंची हजार मीटरच्या आत. हिमनदीला इथे कामच नव्हतं.

काम होतं ते उत्तरेत. हिमयुग म्हणजे एकच लांबलेली थंडी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गेल्या सुमारे 26 लाख वर्षांत बर्फ अनेकदा पुढे आलं आणि मागे हटलं. शेवटचा कहर साधारण 26 ते 19 हजार वर्षांपूर्वीचा. तेव्हा कॅनडा आणि स्कँडिनेव्हिया यांच्यावर काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा थर होता. त्याखाली नद्याच नव्हत्या, मग मासे कुठले? ते उरले मिसिसिपीच्या खोऱ्यात, डॅन्यूबमध्ये आणि अलास्काच्या बर्फ न चढलेल्या भागात. बर्फ वितळायला लागलं, कडेला प्रचंड तळी साचली आणि त्या तळ्यांतून थोडे मासे उत्तरेकडे सरकले. 'थोडे' हा शब्द इथे महत्त्वाचा. ओसाड पडलेलं गाव तीन घरांनी पुन्हा वसवलं, तर शंभर वर्षांनीही गावात आडनावं तीनच सापडतील, लोकसंख्या कितीही वाढो. उत्तरेकडच्या माशांचं तसं झालं. बर्नात्शे आणि विल्सन यांनी 1998 मध्ये उत्तर गोलार्धातल्या माशांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा 46 अंश अक्षांशाच्या आसपास जनुकीय विविधता एकदम खाली येते असं दिसलं. त्या रेषेच्या उत्तरेला बर्फानं पाटी कोरी केली होती.

तरी तिकडच्या संशोधकांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या तळ्याला जन्मतारीख आहे. आइसलँडच्या थिंगवल्लावात्न तळ्यात 'चार' (charr) नावाच्या एकाच जातीच्या माशाची चार रूपं आहेत: तळाशी गोगलगाई खाणारं, दगडांच्या फटीत राहणारं, वरच्या पाण्यातलं बारीक आणि इतर मासे खाणारं मोठं. चारही साधारण दहा हजार वर्षांतली, कारण त्याआधी तिथे बर्फच होतं. आमच्याकडे अशी तारीख नाही.

आमची कासारी नदी पावनखिंडीच्या परिसरात उगम पावते, पन्हाळ्याच्या बाजूनं वाहते आणि कुंभी, तुळशी, भोगावती यांच्या पाण्यासह प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. त्या खिंडीत लोक बाजीप्रभूंसाठी जातात. नदी बघायला जाणारी मीच, आणि माझ्यामागे पिशव्या उचलणारे दोघे-तिघे विद्यार्थी. सह्याद्रीची धार ओलांडली की पाणी कोकणात उतरतं. आपल्या बाजूचा मुरी मासा किंवा दगडाला चिकटून राहणारा मळ्या ती धार सहसा ओलांडत नाही. इथे बर्फानं कोणाला हाकललं नाही, म्हणून परत येऊन वसायचीही वेळ आली नाही. लाखो वर्षं आपापल्या ओढ्यात राहिलेल्या या शाखा आहेत. त्यामुळे शेजारच्या दोन नद्यांतले डोळ्यांना सारखे दिसणारे मासे प्रयोगशाळेत वेगळे निघतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात सापडलेला शिस्टुरा हिरण्यकेशी 2020 मध्ये नोंदला गेला आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. त्याच नदीतून 2014 मध्ये पेथिया लाँगिकौडा आला होता. साताऱ्यात वेणेगावला कृष्णेतून 2012 मध्ये बालिटोरा लॅटिकौडा आला. वर्तमानपत्रं लिहितात, 'नवा मासा सापडला'. मासा जुनाच आहे, आपली नजर नवी.

आता माझा आवडता वाद. संपादकांनी कात्री चालवली तर इथेच चालवतील, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक आणि धबधब्यातल्या माशांचे जगातले मोठे जाणकार. त्यांना एक कोडं पडलं. सह्याद्रीतल्या ओढ्यांत पोटानं दगडाला घट्ट धरणारे काही मासे आहेत. त्यांचे भाऊबंद सापडतात पूर्व हिमालयात, म्यानमारमध्ये, मलायात. मधल्या पठारावर जवळजवळ काही नाही. मग ते इथे आले कसे? 1940 च्या दशकात होरांनी उत्तर मांडलं: हिमयुगांत हवा गार आणि ओली होती, डोंगरांतले प्रवाह जोरदार होते, म्हणून मासे गारो आणि राजमहालच्या टेकड्यांमधली आजची गाळाची दरी पार करून विंध्य-सातपुड्यावरून पश्चिमेला आले आणि सह्याद्रीवरून दक्षिणेला उतरले. 1949 मध्ये यावर परिसंवाद झाला. सलीम अलींनी पक्ष्यांच्या बाजूनं दुजोरा दिला, ऑडेन यांनी भूगर्भशास्त्राच्या बाजूनं चर्चा केली. पुढे मेनन यांनी पूर्व घाटाचा पर्याय सुचवला आणि सायलस यांनी माशांचं नातं किती जवळचं, हे तपासलं. ही झाली सातपुडा उपपत्ती. पदवीच्या अभ्यासक्रमात ती अजून सिद्ध झाल्यासारखी शिकवतात आणि परीक्षेत पाच गुणांना विचारतात.

उपपत्ती देखणी आहे. नकाशावर बोट फिरवून सांगता येते. पण दोन ठिकाणी ती अडते.

पहिली अडचण पावसाची. हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली गेली होती आणि आपला मान्सून जोरदार नव्हता, उलट दुबळा होता. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ साळी यांना उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची नक्षी कोरलेली कवचं मिळाली, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची. होरांच्या मार्गाच्या दारात शहामृग हिंडत होते! शहामृगाला लागतं कोरडं माळरान. तिथून धबधब्यातल्या माशानं प्रवास करायचा तो कसा? होरांचे पाठीराखे म्हणतील की हे शेवटच्या हिमयुगाचं झालं, आधीच्यांचं काय? रास्त प्रश्न आहे. त्याला दुसरी अडचण उत्तर देते.

ती काळाची. आम्ही माशाच्या पराचं टोक कापतो, अल्कोहोलमध्ये ठेवतो, मासा परत पाण्यात सोडतो. त्या तुकड्यातून आईकडून येणारा डीएनए काढून दोन माशांमधले फरक मोजतो. माशांच्या एका नेहमीच्या जनुकात दशलक्ष वर्षांना साधारण एक ते दोन टक्के फरक पडतो, असं धरून चालतात. म्हणजे दोन शाखांत दहा टक्के फरक असेल तर त्या फुटल्या निदान पन्नास लाख वर्षांपूर्वी. कोचीच्या आर्या सिद्धार्थन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये पश्चिम घाटातल्या डोंगरी लोचांवर, म्हणजे होरांच्याच लाडक्या माशांवर, हा हिशेब केला. शाखा फुटल्या मायोसीनमध्ये. मायोसीन संपलं 53 लाख वर्षांपूर्वी, हिमयुगांचा फेरा सुरू झाला 26 लाख वर्षांपूर्वी. हे लोच हिमयुगं सुरू झाली तेव्हा इथे आधीच नांदत होते.

या रेणवीय घड्याळावर माझा आंधळा विश्वास नाही. ते लावायला जीवाश्म लागतात आणि आपल्या डोंगरी माशांचे जीवाश्म जवळजवळ नाहीतच. एक टक्का धरला की दोन, यावर वय दुप्पट किंवा निम्मं होतं. रात्री उशिरा संगणकावर झाड उमटतं, फांद्यांवर आकडे येतात आणि त्या आकड्यांभोवतीचे अनिश्चिततेचे पट्टे बघून मी चहा टाकते. तरीही पट्टे कितीही रुंद धरले तरी डोंगरी लोच होरांच्या हिमयुगात बसत नाहीत. म्हणून माझं मत: होरांनी प्रश्न अचूक विचारला, मार्गही कदाचित काही प्राण्यांच्या बाबतीत बरोबर असेल, काळ मात्र चुकला.

हे सगळं कोणाला हवंय, असा प्रश्न मलाही पडतो. पण गेल्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला, तो अजून मनातून जात नाही. एका उत्साही मंडळाला कासारीत महासीरचं बीज सोडायचं होतं. 'नदी वाचवा' असं फलकावर होतं. बीज दुसऱ्या खोऱ्यातलं. मी लेखी नको म्हटलं. त्यांनी सोडलं, फोटो काढले, हार घातले. मला उत्तर आलं, "मॅडम, मासा तो मासाच."

कावेरीत काय झालं बघा. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात वाढवलेले खडस, म्हणजे आपल्याकडचे महासीर, तिथे सोडले गेले, सद्‌भावनेनंच. त्यांनी कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महासीर मागे रेटला आणि 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. बर्फ पुसून टाकतं, तेव्हा निदान नंतर पाटी कोरी मिळते. परक्या जनुकांची भेसळ झाली की जुनं काय होतं, हे वाचायलाही काही उरत नाही. त्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांना पावसाळा संपताच बरगे लागतात, खाली पंचगंगेचं पाणी दरवर्षी खराब होतं आणि जाळ्यात चिलापीच जास्त येते. चढणीच्या माशांना वर जायला वाट आणि वर गेल्यावर राहायला जागा, दोन्ही कमी होत चालल्यात.

तुमच्या गावात नदीत किंवा ओढ्यात मासे सोडायचा कार्यक्रम ठरत असेल, तर फलक छापण्याआधी बीज कोणत्या नदीतलं आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर सोडू नका. आणि ओढ्यात दगडाला चिकटलेला, ओळखीचा नसलेला मासा दिसला तर पाण्यातच त्याचा फोटो घ्या, ओढ्याचं आणि गावाचं नाव लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवा.