एक ओवी मागे, एक ओवी पुढे

फॉरवर्ड झालेलं वचन दोन सेकंदांत वाचून होतं. त्याच्या आजूबाजूचं वाचलं, तर मात्र ते आठवडाभर पुरतं…

तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी काय येतं? गणपती, गुलाबाचं फूल, खाली एखादा सुविचार? आमच्या ग्रुपवर उगवता सूर्य येतो. त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलचं वचन, कोपऱ्यात कबूतर, आणि पुढच्या दहा मिनिटांत पंधरा-वीस ‘आमेन’. नगरची मावशी, पिंपरीचे काका, दुबईचा मामेभाऊ… हजेरीला कुणी चुकत नाही.

तर, मी मराठी ख्रिश्चन. (हो, घरी मराठीच बोलतो. हो, पुरणपोळी करतो आणि ती फुगतेही. नाही, आमच्यातल्या सगळ्यांची आडनावं डिसूझा नसतात. प्रत्येक नव्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात हे तीन प्रश्न येतात, म्हणून उत्तरं आधीच देऊन टाकली!) माझं बालपण अहमदनगरला गेलं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडातून ‘नगर’ काही जात नाही. तिथे आजीच्या घरी शोकेसमध्ये वचनांची डबी असायची. काड्यापेटीएवढी छोटी कार्डं, प्रत्येकावर बायबलमधली एक ओवी. बायबलमधल्या वाक्याला आमच्याकडे ओवीच म्हणतात. परीक्षेला निघालं, की एक कार्ड काढायचं. एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्येही तेच. उपासना संपली, की प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं, ते त्याचं ‘वर्षाचं वचन’. आम्ही पोरं बाहेर पडल्या पडल्या एकमेकांची कार्डं बघायचो. भारी वचन कुणाला लागलं, यावर चक्क भांडणं व्हायची.

आता ती डबी मोबाइलमध्ये आलीय. बायबल ॲप रोज एक वचन पाठवतं. २००८ साली सुरू झालेल्या यूव्हर्जन या लोकप्रिय ॲपने २०२४ चं ‘वर्षाचं वचन’ म्हणून फिलिप्पैकरांस पत्रातली ४:६ ही ओवी जाहीर केली. चिंता बाजूला ठेवून प्रत्येक गोष्ट प्रार्थनेत देवापुढे मांडा, असं सांगणारी. टार्गेट, ईएमआय, अप्रेझल, आईबाबांचे रिपोर्ट… चिंता करायला कारणं कमी आहेत का? जगभर तीच ओवी सगळ्यांना जवळची वाटली, यात नवल नाही.

फक्त एक गंमत आहे. या ओव्यांचे आकडे मुळात नव्हतेच. यिर्मयाने किंवा पौलाने नंबर टाकून लिहिलं नव्हतं. अध्याय पडले तेराव्या शतकात. नव्या कराराला आज आपण वापरतो ते ओव्यांचे आकडे दिले रॉबेर एस्तिएन नावाच्या एका फ्रेंच मुद्रकाने, १५५१ साली. शोधायला सोपं जावं म्हणून. सोय झाली खरी, पण त्याबरोबर वाक्य सुटं करून उचलायची सवयही लागली. मास कॉमला असताना आमच्या डोक्यात एक नियम पक्का ठोकून बसवला होता. कुणाचं वाक्य वापरायचं, तर त्याच्या आधी तो काय बोलला आणि नंतर काय बोलला, ते ऐकल्याशिवाय वापरायचं नाही. हाच नियम बायबललाही लागू पडतो, हे मात्र मला आजीने सांगितलं.

पत्र मधूनच कोण वाचतं?

२०२३ च्या पावसाळ्यात मी ज्या पुरवणीत काम करायचे, ती बंद झाली. पंधरा मिनिटांची मीटिंग, एचआरचं ते ठेवणीतलं हसू, आणि आम्ही सात जण पार्किंगमध्ये छत्र्या उघडून उभे. त्या आठवड्यात मला पाच जणांनी एकच वचन पाठवलं, यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी योजना आहेत, त्या भल्याच्या आहेत, तुम्हाला आशा आणि भविष्य देणाऱ्या आहेत, असा त्याचा आशय. वचन सुंदर आहे. पण त्या आठवड्यात ते वाचून माझ्या पोटात खड्डाच पडायचा.

आजीला फोनवर म्हटलं, “योजना आहे म्हणे. ती कधी कळणार? घरभाडं पाच तारखेला असतं.”

आजी रिटायर्ड शाळामास्तरीण. ती म्हणाली, “अगं बाळा, ते पत्र आहे. पत्र मधूनच कोण वाचतं? वरून वाच.”

वरून वाचलं. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बॅबिलोनच्या राजाने यरुशलेम घेतलं आणि तिथले कितीतरी लोक बॅबिलोनला नेले. कारागीर, अधिकारी, याजक… आजच्या भाषेत ‘स्किल्ड’ माणसं. परक्या शहरात पडलेल्या या माणसांना यिर्मयाने यरुशलेमहून पत्र लिहिलं. आशेची ती ओवी यायच्या आधी पत्रात काय आहे? घरं बांधा. त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावून द्या. आणि ज्या शहरात तुम्हाला आणून टाकलंय, त्या शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याचं बरं झालं, तर तुमचंही होईल. हे सगळं शत्रूच्या शहराबद्दल बरं का!

पुढे परतीची मुदतही दिलीय. सत्तर वर्षं! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा सांगत होता, की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. ऐकायला अर्थातच तेच गोड. पण यिर्मया त्यात वाहून गेला नाही. ‘लवकरच सगळं ठीक होईल’ असं हे पत्र म्हणतच नाही. वेळ लागेल, तोवर जगणं थांबवू नका, असं ते म्हणतं.

तेव्हा माझं निम्मं सामान खोक्यांत होतं. नोकरी गेली, आता नगरला परत जायचं की मुंबई बघायची, हे ठरत नव्हतं, म्हणून खोली तशीच होती. पत्र वाचल्यावर मी खिडकीला पडदे लावले. कढीपत्त्याचं रोप आणलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंशी बोलायला लागले, त्यांच्या नातवाचा इंग्रजीचा अभ्यास घ्यायला लागले. आणि शहरासाठी प्रार्थनाही करायला लागले. कर्वे रोडच्या सिग्नलला अडकल्यावर पुण्याचं भलं चिंतायचं, ही श्रद्धेची खरी परीक्षा आहे, हे तुम्हीही मान्य कराल!

नोकरी लागली का? नाही. मी अजून फ्रीलान्सच करते. कुठलं बिल साठ दिवसांनी पास होतं, कुठलं नव्वद दिवसांनी. दर महिन्याच्या चार तारखेला अजूनही छातीत धडधडतं. मागितलं ते मिळालं, अशी ही गोष्ट नाही. पण ‘आधी सेटल होऊ दे, मग जगू’ हे जे डोक्यात सतत चालायचं, ते थांबलं. कढीपत्ता आता कमरेएवढा झालाय.

बुटांवरचा पौल

दुसरं सुपरहिट वचन म्हणजे फिलिप्पैकरांस पत्र ४:१३. मला बळ देणाऱ्या ख्रिस्ताच्या साहाय्याने मी सगळं करू शकतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. टी-शर्टांवर, जिमच्या भिंतींवर, मगांवर हे वचन दिसतं. बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या बुटांवरही ते दिसलंय. एकदम ‘यू कॅन डू इट’ फंडा!

आता एक ओवी मागे जा. पौल म्हणतो, मला थोडक्यात राहता येतं आणि भरपूर असताना राहता येतं. भरल्या पोटी कसं असावं आणि उपाशी कसं असावं, हे मी शिकलोय. हे पत्र तो बेड्यांत असताना लिहितोय. म्हणजे ‘सगळं करू शकतो’ यातलं ‘सगळं’ मॅच जिंकण्याबद्दलचं नाही. ते निभावून नेण्याबद्दलचं आहे.

आणि एक ओवी पुढे? ती तर माझी सगळ्यात आवडती. तिथे पौल फिलिप्पैच्या मंडळींना म्हणतो, की तरीही माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात, हे बरं केलंत. त्यांनी त्याला मदत पाठवली होती. सगळं सोसायला तयार असलेला हा माणूस लगेच पुढच्या दमात आलेल्या मदतीबद्दल मोकळेपणाने बोलतो. एकट्याने सगळं मॅनेज करायच्या आपल्या हट्टाला यापेक्षा चांगलं उत्तर काय असणार?

वचन पाठवू, की डबा नेऊ?

माझ्या एका मैत्रिणीच्या आईची केमो चालू होती. त्या दिवसांत तिला कुणीतरी रोमकरांस पत्र ८:२८ पाठवलं. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून भलंच घडवतात, असं सांगणारं. पाठवणाऱ्याचं मन साफ होतं. पण मैत्रीण तो ग्रुप सोडून बाहेर पडली. मला म्हणाली, “माझी आई उलट्या करतेय. यातलं भलं मी आत्ताच शोधू का?”

बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलं, संपत्ती, तब्येत, सगळं जातं. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. पुढे ते तोंड उघडतात, कारणं सांगायला लागतात, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो!

मी मैत्रिणीकडे दर गुरुवारी डबा घेऊन जायचे. वरण-भात, कधी साबुदाण्याची खिचडी. वचन एकही नाही. दोन महिन्यांनी तिनेच विचारलं, “तुमच्यात दमलेल्या माणसासाठी काही आहे का गं?”

आहे की! राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. एलीया हा संदेष्टा. मोठ्या लढाईनंतर जिवाच्या भीतीने पळालेला, रानात एका झुडपाखाली बसून ‘पुरे झालं, आता मरण दे’ म्हणणारा. आजच्या भाषेत टोटल बर्नआउट. देवदूत येतो. आता तो लेक्चर देणार, असं आपल्याला वाटतं. पण तो त्याला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा जेवायला घालतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे. देवाशी बोलणं होतं, ते त्यानंतर. आणि त्या बोलण्यात देव त्याला हेही सांगतो, की तू एकटा उरलेला नाहीस, तुझ्यासारखे सात हजार आहेत.

मैत्रीण हे ऐकून रडली. मग म्हणाली, “म्हणजे आधी झोप आणि भाकरी. मग अध्यात्म.” ती ख्रिश्चन नाही, पण मी ऐकलेल्या चांगल्या प्रवचनांत मी तिचं ते वाक्य धरते.

केडगावच्या छापखान्यात

मागचं-पुढचं वाचायचं, तर ते आपल्या भाषेत वाचता यायला हवं. आपल्याकडे ते येतं, त्यामागे माणसांचं आयुष्य गेलंय. पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हे भाषांतर पंडितांसाठी नव्हतं. मुक्तीत दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या बायका होत्या. त्यांच्यासारख्या साध्या बायकांना कळावं, म्हणून साध्या मराठीत. छापखान्यात कामाला बायकाच. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी रमाबाईंनी काम सोडलं नाही. ते पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. पुस्तक छापून आलं १९२४ साली. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

मनोरमा गेल्यावर रमाबाई त्याच ओव्या पुन्हा पुन्हा तपासत असतील, तेव्हा त्यांना त्यांत काय दिसलं असेल? मला माहीत नाही. पण ज्या बाईने हे पुस्तक शब्दाशब्दाने मराठीत आणलं, तिचं दुःख त्याने टळलं नाही, एवढं मी लक्षात ठेवते. वचन म्हणजे काही विमा नव्हे.

मग रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग काय? माझ्यापुरतं सांगते. सकाळी ॲपवर जे वचन येतं, त्याच्या आधीच्या चार आणि नंतरच्या चार ओव्या मी बसमध्ये वाचते. पाच मिनिटं लागतात. कधी काही हाती लागतं, कधी नाही. मागच्या आठवड्यात तेविसावं स्तोत्र आलं. मेंढपाळाचं. शाळेपासून पाठ असलेलं. पण सावकाश वाचताना पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली. सुरुवातीला हिरवी कुरणं आहेत, संथ पाणी आहे, तिथे देवाबद्दल बोलताना ‘तो’ येतं. तो नेतो, तो चालवतो. चौथ्या ओवीत मरणाच्या सावलीची दरी येते, आणि ‘तो’चा एकदम ‘तू’ होतो. दरी टळत नाही. पण देवाबद्दल बोलणारा माणूस तिथून पुढे देवाशी बोलायला लागतो.

माझा स्टॉप आला, मी उतरले. दोन बिलांची चौकशी करायची होती, एक लेख संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, बाबांना बीपीच्या गोळ्यांची आठवण करायची होती. त्या दिवशी हे सगळं मी ‘तू’ म्हणत, त्याला सांगत सांगत केलं.