बोचक्यात काय बांधायचं?

आणीबाणी म्हटलं की शिकलेल्या माणसाला १९७५ साल आठवतं. आमच्या वस्तीतल्या बाईला पगाराच्या आधीचे चार दिवस आठवतात. संकटाची तयारी कशी करावी याच्या याद्या छापून येतात, त्या मी गिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत वाचतो. पंधरा दिवसांचा किराणा भरून ठेवा, बॅटरी ठेवा, औषधं ठेवा, रोकड ठेवा. वाचून हसू येतं. रोज कमवून रोज खाणाऱ्यानं पंधरा दिवसांचा किराणा कोणाच्या बापाच्या पैशानं भरायचा? पण दोस्तांनो, हसून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. यादी त्यांची असली तरी संकट पहिलं आपल्याच दारात येतं. तेव्हा आपली यादी आपणच लिहिली पाहिजे.

आमचं देवळाली प्रवरा कालव्याच्या पट्ट्यातलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. ज्याला जमीन त्याला पाणी. ज्याला जमीन नाही तो १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला. माझी आजी त्यातलीच. ती सांगते, "मिलोची लाल भाकर, आन् कामावर सुकडी. पोट भरायचं न्हाय, पर जीव बी जायचा न्हाय." मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. काम द्या म्हणून मोर्चे निघाले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. भूक कागदावर लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवली, पोच घेतली, की ती भीक राहत नाही, हक्क होते. हे आपल्या अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांनी करून दाखवलंय.

आजीची दुसरी शिकवण मुठीची. दळणाला धान्य काढताना एक मूठ परत गाडग्यात टाकायची. मूठ म्हणजे पन्नास ग्रॅम धरा. महिन्याला दीड किलो. एका घराचं त्यात दोन दिवस भागत नाही. पण वीस घरांनी टाकली तर तीस किलो होतात, आणि वीस घरांवर एकाच दिवशी सहसा गदा येत नाही. ज्याच्या घरी मयत झाली, ज्याचा हात मशीनमध्ये गेला, त्याची चूल वस्तीच्या मुठीवर पेटती राहते.

मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा मात्र वीसच्या वीस घरांची हजेरी एकदम बंद झाली. गाडगं किती पुरणार? एप्रिलपासून माणशी पाच किलो धान्य जादा मिळालं, तेही फुकट. पण कार्डावर नाव असेल त्यालाच. लग्न होऊन आलेली सून कार्डावर नाही, दोन वर्षांचं पोर कार्डावर नाही. म्हणजे सरकारच्या लेखी त्यांना पोटच नाही! फडावर अडकलेल्या ऊसतोडवाल्यांना गावी जायची परवानगी १७ एप्रिलला मिळाली. तोवर त्यांचं कार्ड गावच्या दुकानात आणि पोट कोपीत. आता कार्ड कुठल्याही गावच्या दुकानात चालतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो आणि अंत्योदयला घरटी पस्तीस किलो बसतं. म्हणून किराणा भरायच्या आधी कार्डावर नावं चढवा. आपलं कोठार ते आहे.

बोचक्यात पहिल्यांदा बांधायचे ते कागद. पैसा पुन्हा कमावता येतो. आजोबाच्या शाळेचा दाखला पुन्हा कुठून आणणार? अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेला नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल. ते एक पिवळं पान भिजलं, जळलं, उंदरानं खाल्लं, तर नातीचं कॉलेज अडतं. म्हणून मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, ट्रंक उंचावर. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावच्या सोयऱ्याकडे. मोबाईलमध्ये फोटो ठेवा, पण लाईट गेल्यावर मोबाईल मरतो हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या गावी का? कारण आपल्याला पुरापेक्षा गावाची भीती जास्त. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. घर जळतं तेव्हा ट्रंकही जळते. हे कुठल्याही छापील यादीत नसतं. त्यांच्या यादीत भूकंप असतो, आग असते. आग लावणारा नसतो. आपल्या जिल्ह्यात १ जानेवारी २०१३ ला सोनईत तिघांना मारलं. २०१४ ला खर्ड्यात शाळेत जाणाऱ्या पोराला मारलं, आणि २०१७ ला त्या खटल्यातले आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. साक्षीदार का उलटतो? तो गावात एकटा पडतो म्हणून. तेव्हा साक्षीदाराला एकटं पडू न देणं हीसुद्धा तयारीच आहे. ११२ ला फोन कोण लावील, वेळ आणि नावं वहीत कोण लिहील, हे शांततेच्या दिवसांत ठरवा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण मागता येतं. अत्याचार कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं हे आलंय. माहीत नसलेला हक्क बोचक्यातल्या दगडासारखा. नुसतं ओझं.

आता पाणी आणि साप. पिण्यापुरतं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे पाच माणसांना तीन दिवस पंचेचाळीस लिटर. झाकणाचे कॅन लागतील. गढूळ पाणी गाळून, उकळून प्या. टँकर आल्यावर पहिला हंडा कोणाचा, यावरून गावाची नियत कळते. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्यालं ते याचसाठी. उसाच्या पट्ट्यात साप रोजचा. मण्यार रात्री अंथरुणात येते, चावलेलं कळतही नाही. जमिनीवर झोपणाऱ्यानं मच्छरदाणी गादीखाली खोचावी. चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, देवऋषाकडे तर मुळीच नको. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सापाची लस असलेला दवाखाना गाठा. असा दवाखाना जवळ कुठं आहे, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

कार्यकर्त्यांनो, जयंतीची वर्गणी मागायला आपण घरोघर जातोच. यंदा हातात एक वही घेऊन जा. कार्डावर कोणाचं नाव नाही, कोणाचा दाखला निघालेला नाही, कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आलंय, कोणाची म्हातारी एकटी आहे, ते लिहून आणा. डीजेच्या पैशातून दोन ट्रंका आणि वीस प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. सुरुवात तिथून करा.

जयभीम.