एकोणतीस तारखेचे घर

आमच्या मेहकरला पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवायच्या, असा घरोघरचा शिरस्ता आहे. पहिली, १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती. आणि दुसरी, सुमारे पंचवीस किलोमीटरांवरचे लोणारचे सरोवर. पाहुण्याला आवड असो वा नसो, यातून त्याची सुटका नाही. पण २०२४ च्या फेब्रुवारीत जो पाहुणा आमच्याकडे आला, तो उलट आम्हांलाच काहीबाही दाखवू लागला.

पाहुणा म्हणजे माझा भाचा, पुण्याच्या ताईचा धाकटा मुलगा. नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. नागपूरला उतरून, भाड्याची गाडी घेऊन समृद्धी महामार्गाने स्वारी दुपारच्या जेवणाला हजर झाली. जेवणे आटोपली, आईने सुपारी कातरायला घेतली, आणि हा तिच्या शेजारी चटईवर बसून फोन पुढे करीत म्हणाला, "आजी, हे माझं पान बघ."

पानावर त्याचा फोटो होता आणि त्याखाली आकड्यांची नुसती पंगत बसली होती. किती शोध लावले, किती देशांत लावले, सलग किती दिवस खंड पडला नाही, सर्वांत उत्तरेला कुठवर गेला, सर्वांत दक्षिणेला कुठवर! त्याखाली नऊ गुणिले नऊ अशा एक्याऐंशी घरांचा तक्ता: शोधायला किती कठीण आणि पोचायला किती अवघड, याचा. आणि सर्वांत खाली ३६६ घरांचे एक कॅलेंडर.

"कसले शोध?" मी विचारले.

"जिओकॅशिंग, मामा."

खेळ असा आहे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला आपण अमक्या आळीत आहो एवढेच कळे; आता अमक्या झाडाजवळ आहो असे कळू लागले. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तीत एक वही, पेन्सिल आणि किरकोळ चिजा घातल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहावे. एखादी चीज घ्यावी, एखादी ठेवावी. त्या एका बादलीची आज जगभर लाखो पिल्ले झाली आहेत. पुलाखाली, झाडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या फटीत डबे दडलेले असतात आणि माझ्या भाच्यासारखी सुशिक्षित माणसे ते हुडकीत हिंडतात.

वहीत नाव लिहिण्याचे मला नवल वाटले नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीत माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी स्वतः वाचली आहे. पणजोबा गेले, स्नान केले, सही केली, परत आले. पुढे ती चोपडी उघडली ती वंशजांनीच. भाच्याचे पान मात्र रांगोळीसारखे दारात मांडलेले! जाणाऱ्या-येणाऱ्याने पाहावे, आपल्या आकड्यांशी ताडून पाहावे, आणि जमल्यास थोडे जळावे.

त्या कॅलेंडरात मेख होती. वर्ष कोणतेही असो, पण वर्षातल्या प्रत्येक तारखेला एकदा तरी डबा सापडलेला असला पाहिजे. सापडला की ते घर रंगते. भाच्याची ३६५ घरे रंगली होती. एक पांढरे राहिले होते: २९ फेब्रुवारी. २०२० साली त्या दिवशी तो तापाने निजून होता. आता चार वर्षांनी ती तारीख परवावर, गुरुवारी, आली होती. शुक्रवारी आजीला शेगावला न्यायचे ठरले होते (रविवारी ३ मार्चला गजानन महाराजांचा प्रकटदिन, तेव्हा त्या गर्दीच्या आधी), आणि शनिवारी नागपूरहून परतीचे विमान. म्हणजे गुरुवार मोकळा. वेरूळच्या बाजूला कुठेशी एक डबा त्याने आधीच हेरून ठेवला होता. पहाटे निघायचे, रात्री परतायचे.

बुधवारी रात्री आई सहज बोलावे तशी म्हणाली, "गाडी आहेच दारात, तर उद्या लोणारला जाऊन येऊ का? तुझे आजोबा गेल्यापासून गेले नाही मी."

भाचा काहीच बोलला नाही. ती निजल्यावर मात्र मी त्याला ओसरीवर गाठले आणि चांगले फैलावर घेतले. एका चौकोनासाठी ब्याऐंशी वर्षांच्या आजीला नाही म्हणणार? डब्याशिवायही काही प्रकार असतात, जागा पाहून तिच्या भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची, असे त्यानेच दुपारी सांगितले होते. मग लोणारचे तसे काही नाही का?

"असलं तरी नको, मामा. हे शेवटचं घर वहीतल्या सहीनेच भरायचं, असं मी ठरवलंय."

माझा आवाज चढला असावा, कारण आतून आईचा आवाज आला, "अरे, नेम आहे ना त्याचा? जाऊ दे त्याला. लोणार कुठं पळून जातंय!"

मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला राग आला होता तो भाच्याचा नव्हता. २०१० पासून काही वर्षे आम्हां प्राध्यापकांच्याही कामाचे गुण मोजले जात. निबंध वाचला, इतके गुण. परिसंवादाला हजर राहिलो, इतके गुण. मग त्या गुणांचा तक्ता भरून वर पाठवायचा. २०१४ च्या मार्चमध्ये वडिलांनी असेच सहज विचारले होते, "रविवारी लोणारला नेतोस का?" मी नेले नाही. दोन दिवसांचा परिसंवाद होता आणि मला थोडेसेच गुण कमी पडत होते. श्रावणात वडील गेले. त्या परिसंवादाचे प्रमाणपत्र अजून फायलीत आहे. तिथे काय ऐकले, ते मला एक अक्षर आठवत नाही.

पहाटे पाचला गाडीचा आवाज आला नाही. सहाला उठून पाहतो तो भाचा आंघोळ करून, गाडीची काच पुसत उभा. तोंड सुलतानपूरच्या दिशेला, म्हणजे लोणारच्या वाटेला.

आई खूश होईल अशी माझी कल्पना. ती रुसली! "माझ्यापायी नेम मोडलास?" हे ती गाडीत बसेपर्यंत तीनदा म्हणाली. सुलतानपूर मागे पडल्यावर तिने विचारले, "बरं, पण उद्यापन कधी होतं रे याचं?"

"कशाचं, आजी?"

"तुझ्या मोजणीचं. घरं भरली की मग काय करायचं?"

भाचा थोडा वेळ गाडी हाकीत राहिला. "मग दुसरा तक्ता असतो," तो म्हणाला.

यावर आईने तिच्या लाख वातींची हकीकत सांगितली. लग्नानंतरच्या एका चातुर्मासात तिने लक्षवातींचे व्रत धरले होते. घरकाम आटोपून रोज वाती वळायच्या, शंभर झाल्या की दाराआडच्या भिंतीवर कोळशाने रेघ. हजार रेघांनी कोपरा काळा झाला. कार्तिकात उद्यापन झाले, वाती तुपात भिजवून देवापुढे जाळल्या. "आणि रेघा?" भाच्याने विचारले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या चुन्यात गेल्या, म्हणाली. मी त्याच घरात वाढलो; त्या दाराआड असे काही होते, हे मला त्या दिवशी कळले.

लोणारला आईला खाली उतरवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही काठावरच बसलो. सपाट माळरानातून चालता चालता एकाएकी पायाखाली जमीनच संपते, हा लोणारचा पहिला धक्का कितीदा पाहिले तरी ओसरत नाही. १.८ किलोमीटर व्यासाचे ते प्रचंड ताट, उतारावर दाट झाडी, तळाला खारे हिरवट पाणी आणि त्या काठाशी कमळजादेवीचे देऊळ. पुराणाच्या मते इथे लवणासुर दडला होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन वरचे झाकण उडवले आणि त्याला ठार केले. म्हणजे दडलेले हुडकून काढण्याचा खेळ इथे फार जुना आहे! १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीर्घकाळ याला ज्वालामुखीचे विवर समजत. मग प्रचंड आघातानेच बनणारी काच इथल्या खडकात सापडली, १९७३ साली शोधनिबंध निघाला, आणि बेसाल्ट खडकावर उल्का आदळून हे विवर झाले असे ठरले. केव्हा, याबद्दल मात्र पंडितांचा मेळ नाही. एक गणित सुमारे पन्नास हजार वर्षे म्हणते, २०११ साली आलेले दुसरे पाच लाख सत्तर हजार! २०२० च्या जूनमध्ये हे पाणी चक्क गुलाबी झाले होते. खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती करामत, असे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले.

हे सगळे मी वर्गात सांगावे तसे सांगत होतो. आई ऐकत नव्हती. ती खालच्या देवळाकडे बघत होती. वडील तिला कुठल्या झाडाखाली बसवून स्वतः पुढे जात, ते झाड ती भाच्याला बोटाने दाखवीत होती, आणि तो डोळे बारीक करून ते शोधीत होता. उतारावर सारखीच शेकडो झाडे. "ते नव्हे, त्याच्या डावीकडचं." बराच वेळ चालले होते. अखेर एका झाडावर दोघांचे एकमत झाले. ते खरेच ते होते की नाही, देव जाणे.

मग धारेवर जाऊन गोमुखातले पाणी तिने डोळ्यांना लावले, देवीची ओटी वरूनच काठावर ठेवली, आणि दुपारी गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात, त्या जुन्या दगडी गारव्यात, आम्ही दशम्या खाल्ल्या. फोन भाच्याने एकदाच बाहेर काढला, आजीचा फोटो घ्यायला.

ते पान मी अधूनमधून उघडून पाहतो. आकडे वाढले आहेत. कॅलेंडरातले ते घर अजून पांढरेच आहे. दर रविवारी म्युनिकहून फोन येतो आणि आई विचारते, "भरलं का रे तुझं घर?" तो म्हणतो, "आजी, २०२८." पहिल्यांदा हे उत्तर आले तेव्हा तिने बोटांवर मोजले. "तेव्हा मला शहाऐंशी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वार कोणता येतो, बघ बरं."

मी हिशेब करून सांगितले, मंगळवार.

"देवीचा वार," असे म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला आणि वाती वळायला कापसाचा पेळू पुढे ओढला.