सोमवारची पाल

घरात पाल चुकचुकतेय हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. आई चौऱ्याऐंशीची. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान असे की दूध उतू जायच्या आधी तिला खोलीतून कळतं. पाल चुकचुकली की बोटाने टकटक करत 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. २०२४च्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर, ती पलंगाच्या कडेवर सारखी टकटक करायला लागली. मी ट्यूबलाइटमागे पाहिलं, कॅलेंडर उचलून पाहिलं. पाल नव्हती.

"अगं, सोमवारी उठते ही पाल," आई म्हणाली. "शनिवार-रविवार गप्प असते."

मी हसले. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईने हसायला नको होतं. नोंद करायला हवी होती.

आमच्याकडे तेव्हा माझी भाची राहत होती, तिच्या सहा वर्षांच्या लेकीसह. ताई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे आमचंच घर. नवऱ्याचं घर सोडून तिला सात-आठ महिने झाले होते. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात प्रकरण सुरू होतं. तिथल्या तडजोडीप्रमाणे छोटी दर शनिवारी दुपारी बाबाकडे जायची आणि रविवारी संध्याकाळी सातला परत यायची. दप्तरही बरोबर जायचं, कारण बाबाला तिचा अभ्यास घ्यायचा असे. त्याचं आम्हाला कौतुकच वाटलं होतं, हे कबूल करते.

गणपतीनंतर एक विचित्र प्रकार सुरू झाला. आम्ही जाऊ तिथे जावई हजर. एका शुक्रवारी छोटीला शाळेतून परस्पर सारसबागेत नेलं, तर हा भेळेच्या गाडीपाशी. धायरीला भावाकडे राहायला गेलो, तर सकाळी समोरच्या टपरीवर चहा पीत उभा. बिबवेवाडीला माझ्या मैत्रिणीकडे गेलो, तिथेही. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. हसून छोटीला हात करायचा. "अरे, तुम्ही इकडे कुठे?" एवढंच. पहिल्यांदा योगायोग वाटला. तिसऱ्यांदा भाचीने गर्दीत माझा दंड असा धरला की संध्याकाळी पाहिलं तर बोटांचे वळ होते.

मग आम्ही घरचा भेदी शोधायला लागलो. आधी कामवाल्या मावशींवर संशय घेतला. मग माझ्या धाकट्या भावावर, कारण धायरीचा बेत त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता आणि जावयाशी त्याचं पूर्वीपासून गूळपीठ. मी फोनवर त्याला नको ते बोलले. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," म्हटलं, आणखीही पुष्कळ म्हटलं. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. निरांजन लावून मी दुपारी दोनपर्यंत वाट पाहिली आणि मग ताट आवरलं. या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत लागलेलं काय असेल, तर ते ताट.

पालीकडे येते. एका मंगळवारी कुकर झाल्यावर घर शांत होतं. छोटीने दप्तर ओढत आणून पलंगाशी टाकलं, आणि आईने टकटक केली. या वेळी मलाही ऐकू आलं. चिक्, चिक्, चिक्. बारीक, उशीखाली दाबून धरल्यासारखं.

"पाल दप्तरात आहे," आई म्हणाली.

वह्या, डबा, रंगपेटी सगळं काढलं. काही नव्हतं. दप्तर हलवलं की पुन्हा चिक्. पाठीला टेकते त्या बाजूच्या गादीत बोटं दाबत गेले तर खाली डाव्या कोपऱ्यात काहीतरी कडक लागलं. चष्मा लावून शिवण पाहिली. निळं दप्तर, निळ्या दोऱ्याची शिवण, आणि तेवढ्याच दोन इंचांत काळा दोरा. मशीनची शिवण नव्हती. हाताने, पण नेटकी घातलेले टाके होते. जावयाला साधं बटण लावता येत नव्हतं, म्हणून भाची त्याला हसायची. हे मात्र तो शिकला होता.

टाके उसवले आणि स्पंजातून एक चकती निघाली. दहाच्या नाण्याहून थोडी मोठी, बिस्किटासारखी जाड. एक बाजू पांढरी, दुसरी आरशासारखी चकचकीत. वजन अकरा ग्रॅम, हे नंतर कळलं. तळहातावर काही ठेवलंय असं वाटतही नव्हतं.

भाची म्हणाली, "मुठेत टाकून येते." मी समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला बोलावलं. तो आयटीतला, रात्री जागा असतो. त्याने पाहताक्षणी सांगितलं, "काकू, हा एअरटॅग आहे. किल्ल्या, बॅगा हरवू नयेत म्हणून लोक लावतात." भाचीचा फोन घेऊन त्याने चकतीची पांढरी बाजू फोनच्या पाठीवर वरच्या अंगाला टेकवली. पडद्यावर एक पान उघडलं. त्यावर चकतीचा अनुक्रमांक होता आणि मालकाच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. भाचीने ते चार आकडे वाचले आणि खाली फरशीवरच बसली. तो नंबर तिने आठ वर्षं दिवसातून दहादा लावला होता.

त्या रात्री त्या मुलाने मला जे समजावलं ते मी वहीत उतरून घेतलं. चकतीत जीपीएस नसतं. नाण्याएवढ्या सेलवर ती साधारण वर्षभर ब्लूटूथवरून नुसती पुटपुटत राहते, मी इथे आहे, मी इथे आहे. शेजारून जाणाऱ्या कोणाच्याही आयफोनला ते ऐकू येतं आणि तो स्वतःचं ठिकाण गुपचूप पुढे कळवतो. फोनवाल्याला पत्ता नसतो. मालकाच्या नकाशावर मात्र टिंब सरकतं. म्हणजे नळस्टॉपच्या सिग्नलला रिक्षेशेजारी उभे असलेले लोक, छोटीच्या शाळेतल्या बाई, आणि आपल्या फ्लॅटमधून हा मुलगा स्वतः, सगळेच इतके दिवस जावयाला आमची खबर देत होते. हे लक्षात आल्यावर तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला.

आईच्या सोमवारचाही उलगडा झाला. मालकापासून लांब राहिलेली चकती काही वेळाने, हलवली की, आवाज करते. आपल्या सामानात कोणी लपवली असेल तर कळावं म्हणून ही सोय. २०२१मध्ये एअरटॅग बाजारात आला तेव्हा हा आवाज तीन दिवसांनी व्हायचा. त्यावर ओरड झाली आणि काही आठवड्यांत तो काळ आठ ते चोवीस तासांवर आणला. छोटी रविवारी सातला बापापासून दूर व्हायची, की सोमवारी कधीतरी पाल उठायची. सकाळी मिक्सर, कुकर आणि शाळेच्या बसचा हॉर्न यांत ती कोणाला ऐकू येणार? आणि आतला स्पीकर काढून टाकणारे लोकही असतात म्हणे. जावई तेवढा पुढे गेला नव्हता, नाहीतर आईनेही काही ऐकलं नसतं.

"पण काकू, फोनने सूचना कशी दिली नाही?" हा त्या मुलाचा प्रश्न. अनोळखी ट्रॅकर बरोबर फिरत असेल तर आयफोन आधीपासून सांगायचा. २०२३च्या जुलैपासून अँड्रॉइड फोनही आपणहून सांगतात. मे २०२४मध्ये तर अॅपल आणि गूगलने मिळून यासाठी एकच पद्धत ठरवली. आम्हा दोघींचे फोन अँड्रॉइडच. उत्तर माझ्याच फोनमध्ये होतं. बॅटरी वाचावी म्हणून मी ब्लूटूथ कायम बंद ठेवते. भाचीच्या ऑफिसात कोणीतरी तिला सांगितलं होतं की ब्लूटूथ चालू ठेवलं की फोन हॅक होतो, म्हणून तिचंही बंद. आणि ब्लूटूथ बंद असेल तर फोन बहिरा. आम्ही दोघींनी सावधगिरी म्हणून आपापल्या पहारेकऱ्याला झोपवून ठेवलं होतं.

तेव्हापासून माझ्या फोनवर ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही चालू असतात. बॅटरी थोडी लवकर उतरते, उतरो. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' या नावाखाली अनोळखी ट्रॅकरची सोय असते. तिथून हाताने शोध घेता येतो, दहाएक सेकंदांत आटोपतो. त्या मुलाने एअरगार्ड नावाचं एक फुकट अॅपही घालून दिलं, जर्मनीत डार्मस्टाटच्या विद्यापीठात तयार झालेलं. मात्र मालक जवळपास असेल तर हा शोध रिकामा येतो, कारण चकती तेव्हा मालकाच्या फोनशी जोडलेली असते. जावई दारात उभा असताना तपासून उपयोग नाही. तो गेल्यावर, थोडा वेळ जाऊ देऊन तपासायचं.

सेल काढणं सोपं आहे. चकचकीत बाजू दाबून डावीकडे फिरवली की झाकण निघतं. मी अंगठा ठेवलाही होता. वकीलबाईंनी फोनवर थांबवलं. टिंब बंद पडलं की त्याला कळणार की आपल्याला कळलंय, आणि मग तो काय करेल ते सांगता येत नाही. आधी अर्ज, मग सेल. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, टाक्यांचे काढा, उघडलेल्या पानाचा काढा, अनुक्रमांक लिहून ठेवा. शुक्रवारपर्यंत दप्तर घरातच राहू द्या.

बुधवारी आणि गुरुवारी छोटी भाजीच्या कापडी पिशवीत वह्या घालून शाळेत गेली. दप्तर पलंगाखाली. त्या दोन दिवसांत मी वहीत तारखा मांडल्या. सारसबाग, धायरी, बिबवेवाडी, प्रत्येक ठिकाणी दप्तर बरोबर होतं. ज्या दिवशी दप्तर घरी राहिलं होतं, त्या दिवशी तो दिसला नव्हता. ताळा पैशापर्यंत जुळला.

गुरुवारी रात्री नऊ बाराला त्याचा फोन आला. भाचीने स्पीकरवर ठेवला.

"छोटीला बरं नाही का? दोन दिवस शाळेत गेली नाही वाटतं."

छोटी समोर बसून वरणभात खात होती. भाचीने विचारलं, "कोण म्हणालं?" पलीकडे जरा शांतता. मग, "असंच. वाटलं." मी वेळ आणि वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली.

पोलिस ठाण्यात हवालदारांनी चकती उलटसुलट करून "घड्याळाचा सेल का?" असं विचारलं. त्यांना दोष देत नाही, आठवड्यापूर्वी मीही तेच विचारलं असतं. पण नंतर आत बसलेल्या साहेबांनी जे विचारलं ते अजून डोक्यातून जात नाही. "बापाने लेकीच्या काळजीने दप्तरात ठेवलं, तर त्यात गुन्हा काय मॅडम?" मी म्हटलं, काळजीने ठेवलेली वस्तू गादी उसवून, काळ्या दोऱ्याने शिवून ठेवत नाहीत. साहेबांनी शिवणीचा फोटो मोठा करून पाहिला. अर्ज घेतला, पोच दिली. पोच मिळेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही, ते बँकेतलं.

कायद्याचंही थोडं अवघडच आहे. पाठलाग हा २०१३पासून आपल्याकडे वेगळा गुन्हा आहे. तेव्हा तो दंडविधानाच्या ३५४-ड कलमात होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. नको म्हटल्यावरही पुरुषाने बाईचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, तिच्या इंटरनेट-ईमेलवर नजर ठेवणं, हे सगळं त्यात आहे. दप्तरातल्या चकतीचं नाव त्यात नाही. वकीलबाईंनी कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याचाही आधार घेतला. त्यांनीच सांगितलं, डिसेंबर २०२२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दोन बायकांनी अॅपलवर याच कारणाने दावा लावला होता, आणि त्यातल्या एकीला तो टॅग सापडला होता तिच्या मुलाच्या दप्तरात. हे ऐकून भाची पहिल्यांदा थोडी सैल झाली. तोवर तिला वाटत होतं की इतकं विचित्र काही फक्त तिच्याच वाट्याला येतं.

प्रकरण सुरू आहे. या अनुक्रमांकाची चकती कोणाच्या खात्याला जोडली आहे ते पोलिसांनी रीतसर मागितलं की कंपनी सांगते, एवढं आम्हाला कळलंय. भावाकडे मी स्वतः धायरीला गेले. ओवाळणीचं ताट घेऊनच गेले, महिना उलटून गेला होता तरी. तो म्हणाला, "ये, बस." चहा झाला. त्या फोनबद्दल दोघंही बोललो नाही.

छोटीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. फक्त दर रविवारी ती आली, तिला सोडणारी गाडी गेली, की मी अर्ध्या तासाने फोनवर शोध घ्यायचे आणि दप्तराच्या शिवणीवरून बोटं फिरवायचे. ती बघायची. तिसऱ्या रविवारी ती दारातून आत आली, आणि मी काही म्हणायच्या आधी तिने दप्तर बाकावर ठेवलं. शेजारी पाण्याची बाटली, शेजारी स्वेटर, शेजारी अस्वल. अस्वलाच्या पाठीची चेन उघडून तिने कापूसही बाहेर काढून ठेवला. मॉलमध्ये करतात तसे हात पसरून उभी राहिली.

तेवढ्यात ट्यूबलाइटमागे चुकचुकलं. भाची पोळी लाटता लाटता थांबली. आईने पलंगाच्या कडेवर बोट आपटलं, "कृष्ण कृष्ण. ही घरचीच गं, खरी."

छोटीने तरी अस्वल उचलून कानाला लावलं.